मंगळवारची यादी

हॅरोहून सकाळी लोक लंडनकडे जातात. मोहनराव देवधर तेवीस वर्षं उलट्या बाजूला जात आले होते. मेट्रोपॉलिटन लाइनच्या शेवटाकडे एका टेकडीवर एक छोटंसं विद्यापीठ होतं, त्याच्या हिशेब खात्यात त्यांची नोकरी. उलटी दिशा असल्यामुळे गाडीत बसायला जागा मिळायचीच. "भांडल्याशिवाय मिळालेली एवढी एकच गोष्ट," असं ते घरी म्हणायचे. त्यावर नंदाताई विचारायच्या, "आणि भांडून मिळवलेली कोणती?"

खरं तर भांडल्याशिवाय त्यांना आणखीही एक गोष्ट मिळाली होती. मुलींचा लॅक्रॉसचा संघ.

तिथला नियम असा होता की, विद्यार्थ्यांच्या प्रत्येक क्लबला कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी खजिनदार म्हणून लागायचा. चेकवर सही करायला, आणि पोरांनी पैसे उधळू नयेत म्हणून. एकोणनव्वद साली एक लालबुंद गालांची मुलगी फॉर्म घेऊन हिशेब खात्यात आली. बाकीचे चौघे एकेक करून चहाला उठले. मोहनरावांना नाही म्हणणं कधीच जमलं नव्हतं. त्यांनी सही केली. पुढच्या बुधवारी ते मैदानावर गेले, तर काठीच्या टोकाला जाळीचा खिसा लावून बारा मुली फुलपाखरं पकडायला निघाल्यासारख्या पळत होत्या. त्या खिशात पिवळा रबरी चेंडू झेलायचा, बाळाला जोजवावं तशी काठी हलवत धावायचं आणि समोरच्या जाळ्यात तो भिरकवायचा. चेंडू भलता टणक. अंगावर बसला की आठवडाभर निळं राहायचं. मोहनरावांनी त्या काठीला कधी हात लावला नाही, पण त्या दिवसापासून एकही बुधवार चुकवला नाही.

मुलांचाही एक संघ होता. त्यांच्या खेळात प्रत्येकालाच लागणाऱ्या हेल्मेट आणि हातमोज्यांचा खर्च झेपेना म्हणून तो नव्व्याण्णव साली बंद पडला. मुलींचा टिकला तो मोहनरावांच्या चिकाटीमुळे. वर्षाला चोवीसशे पौंडांत मिनीबस, पंचांचं मानधन, चेंडू, जाळी सगळं बसवायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. त्यांनी ते बसवलं, वर दर वर्षी थोडं उरवलं. उरलेलं ते एका वेगळ्या पासबुकात टाकत. पासबुक क्लबच्याच नावाचं होतं, पण क्रीडा खात्याचा जुना प्रमुख निवृत्त झाल्यावर त्याची आठवण फक्त मोहनरावांनाच राहिली. अडीनडीला असावं, एवढाच विचार. दोन हजार सहा साली त्यात अकराशे बारा पौंड होते.

शिवाय त्यांच्याकडे एक वही होती. हिशेबाची असते तशी लांब, जाड पुठ्ठ्याची. सतरा हंगामांतले एकशे अडुसष्ट सामने तिच्यात होते: तारीख, प्रतिस्पर्धी, बाराही मुलींची नावं, गोल, आणि शेवटच्या रकान्यात मध्यंतराची संत्री कोणी आणली ते. जिंकलेले सामने एकेचाळीस. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे.

पण सगळ्यात आवडीचा भाग म्हणजे मंगळवारची यादी. संघ निवडायचा कॅप्टनने. पण प्रत्येक वर्षी जेमतेम तेरा-चौदा मुली असायच्या, कोणाचं प्रॅक्टिकल, कोणाचा पाय मुरगळलेला. कोण मोकळी आहे हे मोहनरावांनाच ठाऊक. म्हणून यादी त्यांच्याकडेच आली होती. मंगळवारी चारच्या ठोक्याला ते शाईच्या पेनानं लिहिलेला कागद क्रीडा खात्याबाहेरच्या फळ्यावर चार टाचण्यांनी लावायचे आणि तिथून लगेच निघून यायचे. निघून म्हणजे कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपर्यंत. तिथे उभं राहून बाहेर बघत असल्यासारखं करायचं, आणि काचेत दिसणारे मुलींचे चेहरे पाहायचे. मुली बोट फिरवत आपलं नाव शोधायच्या. जाताना एखादी म्हणायची, थँक यू, मिस्टर डी. आठवडाभर पुरायचं ते.

दोन हजार सहाच्या सप्टेंबरात नवा क्रीडाप्रमुख प्रिचर्ड याने जाहीर केलं की यंदा एका वर्षापुरता लॅक्रॉसला कोच मिळेल. आठवड्याला दोन तास, तासाला चाळीस पौंड, बावीस आठवडे. मोहनरावांनी मनात बेरीज केली: सतराशे साठ. मग त्यांनी नाव वाचलं आणि बेरीज विसरले. ऋजुता कारखानीस.

घरी येऊन त्यांनी बूट काढायच्या आधी नंदाताईंना सांगितलं. आपल्यातली मुलगी. इल्फर्डमध्ये जन्मलेली, शाळेच्या शिष्यवृत्तीवर लॅक्रॉस शिकलेली, काउंटीकडून खेळलेली. नंदाताई म्हणाल्या, "मग जेवायला बोलवा की." आणि मोहनरावांनी बोलावलं. हे स्वतःच्या हातानं केलं, हे पुढे कितीतरी दिवस त्यांच्या मनाला लागून राहिलं.

ऋजुता आली, सत्तावीस वर्षांची, सडपातळ, केस करकचून बांधलेले. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, तुमचा वही मला बघायची आहे. सगळे सांगतात, तुमच्याकडे क्लबचा पूर्ण हिस्टरी आहे." मोहनराव खूश झाले. त्यांनी वही काढली. तिनं ती चाळलीही. पण तेवढ्यात नंदाताईंनी थालीपीठ आणलं, आणि थालीपिठानंतर बोलणं नंदाताईंचंच झालं. जेवण झाल्यावर मोहनराव भांडी विसळत असताना त्यांना मागच्या बागेतून हसणं ऐकू आलं. खिडकीतून पाहिलं तर नंदाताई, साडीवर कार्डिगन, पदर खोचलेला, हातात काठी घेऊन उभ्या होत्या. ऋजुतानं चेंडू हळूच टाकला. नंदाताईंनी तो खिशात झेलला आणि त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या.

सतरा वर्षांत नंदाताईंनी लॅक्रॉसबद्दल एकच प्रश्न विचारला होता: बुधवारी उशीर होणार का.

"जमतं की मला," त्या रात्री अंथरूण घालताना त्या म्हणाल्या.

"तिनं हळू टाकला होता," मोहनराव म्हणाले, आणि स्वतःचाच स्वर त्यांना आवडला नाही.

पुढे एकेक होत गेलं. ऑक्टोबरात ऋजुता म्हणाली की यादी ती सोमवारी ई-मेलनं पाठवत जाईल, म्हणजे मुलींना तयारीला एक दिवस जास्त मिळेल. काकांचा त्रासही वाचेल. मोहनराव म्हणाले, हो, बरं होईल. पहिल्या मंगळवारी सवयीनं ते चार वाजता फळ्याकडे गेले. त्यांच्या चार टाचण्या रिकाम्या जागेभोवती चौकोन करून बसल्या होत्या. खिडकीच्या काचेत फक्त साफसफाईवाली दिसली.

मुली ऋजुताला नावानं हाक मारायच्या. तिच्याभोवती घोळका करायच्या. ती काहीतरी बोलली की सगळ्या एकदम पळत सुटायच्या. मोहनरावांनी सतरा वर्षांत कोणाला पळायला लावलं नव्हतं. आणि संघ जिंकायला लागला. नोव्हेंबरात सलग तीन सामने. आकडे वहीत लिहिताना मोहनरावांचा हात आखडायचा. एखाद्या बुधवारी समोरच्या संघानं गोल केला की त्यांच्या छातीत काहीतरी सुखावून जायचं. मग ते घाईघाईनं टाळ्या वाजवायचे, कोणी पाहिलं तर नाही ना, असं बघत. आपण चांगले गृहस्थ आहोत अशी त्यांची समजूत होती, तीही या वयात डळमळायला लागली.

डिसेंबरात यादीतून अन्वीचं नाव गेलं, आणि मोहनरावांना हायसं वाटलं. हाती काहीतरी सापडलं होतं.

अन्वी हॅरोचीच, नंदाताईंच्या भजनी मंडळातल्या सुचेताची मुलगी. घरी राहून शिकायची. गोलवर उभं राहायला कोणी तयार नव्हतं तेव्हा मोहनरावांनीच तिला संघात आणलं होतं. दोन वर्षं यादीच्या शेवटी ते ठसठशीत लिहायचे: बारा, अन्वी, गोल. गोल पुष्कळ व्हायचे, पण पोरगी कधी चुकली नाही, पावसात नाही की परीक्षेत नाही. तिच्या जागी ऋजुतानं एक उंच नॉर्वेजियन मुलगी उभी केली, जी गावाकडे हँडबॉल खेळत असे. सगळ्यांसाठी राबलेल्या मुलीला असं बाजूला काढायचं? हा न्याय आहे का? मोहनराव रेल्वेत हे मनातल्या मनात बोलायचे आणि दर वेळी वाक्यं अधिक चांगली व्हायची.

फेब्रुवारीत प्रिचर्डनं त्यांना बोलावलं. पुढच्या वर्षी कोचचा सगळा खर्च खात्याला झेपणार नव्हता. निम्मा, म्हणजे आठशे ऐंशी, क्लबनं उभा केला तर निम्मा तो देईल. नाहीतर कोच बंद. मंगळवारी दहाला बैठक आहे, त्याआधी खजिनदार म्हणून तुमचं मत आणि क्लबची स्थिती एका पानावर लिहून द्या. "तुम्ही लिहाल त्यावर मी जाईन, मोहन," तो म्हणाला.

मोहनरावांनी ते पान तीन दिवस लिहिलं. त्यात ऋजुताबद्दल वाईट शब्द एक नव्हता. क्लबची परंपरा होती, सगळ्यांना संधी देण्याची. अन्वीचं उदाहरण होतं, अर्धं पान भरून. विजयाचा हव्यास आणि छोट्या विद्यापीठाचा पिंड यांबद्दल एक परिच्छेद होता, तो त्यांना स्वतःला फार आवडला. आणि सगळ्यात शेवटी, स्थिती या सदराखाली, एक ओळ: क्लबकडे स्वतःची शिल्लक नाही.

ती ओळ लिहिताना पासबुक त्याच टेबलाच्या खणात होतं. अडीनडीला ठेवलेले पैसे म्हणजे शिल्लक नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सोमवारी दुपारी पान प्रिचर्डच्या टपालपेटीत टाकलं.

त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत अन्वी त्यांच्या समोर येऊन बसली. मोहनरावांना वाटलं, योगच आला. त्यांनी तिला सांगितलं की तिच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल त्यांनी वर लिहून कळवलं आहे, आता तिनं काळजी करू नये.

अन्वीनं कानातले इअरफोन काढले. "काय लिहिलं, काका?"

त्यांनी थोडक्यात सांगितलं. रिकमन्सवर्थ गेलं, मूर पार्क गेलं.

"काका, प्लीज माझं नाव त्यातून काढा ना," ती म्हणाली. "मला ऋजुतानं नाही काढलं. मीच तिला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"की मला बॉलची भीती वाटते."

मोहनराव हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. "दोन वर्षं गोलवर उभी होतीस तू."

"पहिल्या दिवसापासून वाटते. बॉल आला की मी डोळे मिटून घेते. हेल्मेटच्या आत कोणाला दिसत नाही. मंगळवारी सकाळपासून माझं पोट दुखायचं, की तुम्ही आता लिस्ट लावणार."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही लिस्ट लावून तिकडे खिडकीशी उभे राहायचे ना. सगळ्यांना माहीत होतं तुम्ही बघता ते. इतके खूश दिसायचे तुम्ही. मला वाटलं, नाही म्हटलं तर तुम्हाला काय वाटेल. आणि आई म्हणायची, देवधर काकांनी एवढ्या विश्वासानं घेतलंय." तिनं इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली. "ऋजुतानं पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकेकीला विचारलं, तुला काय करायला आवडतं. मला आधी कोणी विचारलंच नव्हतं. मी मग दोन महिने विचार केला आणि सांगितलं."

"आणि काय आवडतं तुला?"

"स्कोअर लिहायला. पण ते तुम्ही करता."

हॅरो-ऑन-द-हिलला दोघे उतरले. तिनं वाकून त्यांची पडलेली छत्री उचलून दिली आणि म्हणाली, "सॉरी, काका." तिनं कशाबद्दल माफी मागितली, हे त्यांना घरी पोचेपर्यंत कळलं नाही. कळलं एवढंच, की तुला काय आवडतं हा तीन शब्दांचा प्रश्न सतरा वर्षांत आपल्याला सुचला नाही. आणि इतकं कळूनही पहिली जी कळ आली ती पश्चात्तापाची नव्हती. तो प्रश्नही ऋजुतानंच पटकावला, याची होती.

घरी त्यांनी पत्राची प्रत काढली आणि अन्वीचा मजकूर पेन्सिलीनं खोडला. अन्वी गेल्यावर परंपरेच्या परिच्छेदाला टेकू राहिला नाही, तो खोडला, विजयाच्या हव्यासाचाही खोडला. शेवटी पानावर एकच ओळ उरली, आणि ती खोटी होती. चाळीस वर्षं हिशेब लिहिले, दुसऱ्याच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, आणि स्वतःच्या हातानं आयुष्यात एवढा एकच खोटा आकडा लिहिला. तोही शून्य.

काही न करणं सर्वांत सोपं होतं. उद्या दहाला बैठक होईल, कोच बंद होईल, मंगळवारची यादी परत येईल. कोणाला कळणार नाही. हे सगळं त्यांनी नीट, शांतपणे, हिशेब तपासावा तसं तपासून पाहिलं. आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे यादी आली: बारा, आणि पुढे कोणाचं तरी नाव, आणि काचेत बोट फिरवणारी एखादी मुलगी, जिच्या पोटात दुखत असेल. त्यानंतर त्यांना त्या खिडकीशी उभं राहता आलं नसतं. यादी परत मिळूनही ती मिळणार नव्हती.

सकाळी साडेनऊला ते पासबुक घेऊन प्रिचर्डच्या खोलीत गेले.

प्रिचर्डनं पासबुक उलटंपालटं केलं. हे कुठे होतं, त्यानं विचारलं. माझ्या खणात, मोहनराव म्हणाले. मग काल तुम्ही शिल्लक नाही असं कसं लिहिलंत?

"कालचं पान चुकीचं आहे," मोहनराव म्हणाले. "ते मला परत द्या. क्लब निम्मा खर्च देऊ शकतो."

प्रिचर्डनं चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुमचं मत? तुम्ही तर कोच नको म्हणून बरंच लिहिलंय."

ती चांगली आहे, हे वाक्य म्हणायला मोहनरावांना सगळ्या हंगामात झाले नव्हते एवढे कष्ट पडले. "ती चांगली आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली. ठेवा तिला."

प्रिचर्डनं ते पान त्यांच्या हातात दिलं, आणि इतकी वर्षं एक पेनी इकडची तिकडे न करणाऱ्या माणसाकडून असं कसं झालं, असं पुटपुटत तो बैठकीला गेला. त्याला कळलं असेल किंवा नसेल. मोहनरावांनी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी फोन वाजला तो नंदाताईंसाठी. ऋजुताचा होता. "अगं बाई," नंदाताई म्हणाल्या, आणि मग हसत, डोळे टिपत बरंच काही. फोन ठेवून त्यांनी सांगितलं की पोरीला पुढच्या वर्षी ठेवलं. क्लबचे कुठलेतरी जुने पैसे निघाले म्हणे. "तुम्हाला माहीत होते का हो हे पैसे?"

"अंधुकसं," मोहनराव म्हणाले.

नंदाताईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग शनिवारी ऋजुताला थालीपिठाला बोलावलंय असं सांगून त्या भाजणीचा डबा शोधायला गेल्या. मोहनरावांनी वर्तमानपत्र उघडलं. मनातला सल होता तिथेच होता. अकराशे बारातले आठशे ऐंशी गेले, आणि आनंद तिचा झाला, फोन तिचा आला, भाजणीही तिच्यासाठीच.

मार्चमधला शेवटचा सामना बोचऱ्या वाऱ्यात झाला. पंचांनी प्रत्येकीच्या काठीच्या खिशात चेंडू टाकून खिसा फार खोल नाही ना हे तपासलं. ऋजुता ओरडत रेषेवरून धावत होती. मोहनराव आपल्या घडीच्या खुर्चीवर बसले होते, आणि शेजारी दुसऱ्या घडीच्या खुर्चीवर, मांडीवर जाड वही घेऊन, अन्वी. तिला त्यांनीच बोलावलं होतं. आदल्या मंगळवारी कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले होते, उद्या तू लिहून बघतेस का. ती इतकी हसली, की त्यांना खिडकीच्या काचेची गरज पडली नाही.

मात्र तिनं लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. अक्षर गोल, सरळ, एका रेषेत. त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. त्यांनी मान फिरवली आणि मैदानाकडे बघत राहिले.

संघ नऊ-सहा जिंकला. मुली ऋजुताच्या अंगावर पडल्या. अन्वीनं शेवटचा आकडा लिहून वही त्यांच्यापुढे धरली. "बरोबर आहे का, काका?"

मोहनरावांनी चष्मा पुसला. तारीख होती, प्रतिस्पर्धी होते, बारा नावं, कोणी कितव्या मिनिटाला गोल केला तेही, जे त्यांनी स्वतः कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत फिरवत उजवीकडे नेलं. शेवटच्या रकान्यात बोट थांबलं. तो रिकामा होता.

"संत्री कोणी आणली?" त्यांनी विचारलं.

"तेही लिहायचं असतं?"

"अर्थात."

"मी बघितलंच नाही," अन्वी म्हणाली.

मोहनरावांनी बघितलं होतं. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी खिशातून शाईचं पेन काढलं, टोपण काढून नीट मागे बसवलं, आणि वही आपल्या मांडीवर ओढून घेऊन सावकाश लिहिलं: संत्री, ऋजुता.